विमानाचा वायुवेग व त्याचे रूपांतर (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

भोवतालच्या हवेच्या सापेक्ष विमानाचा जो वेग असतो, त्याला वायुवेग म्हणतात. वेगदर्शकाचा काटा दाखवतो तो दर्शित वेग. उपकरणाचे आणि त्याच्या बसवणुकीचे दोष वजा केले की अंशशोधित वेग मिळतो, हवेच्या संपीड्यतेची (वेगाने आदळणारी हवा दाबली जाण्याच्या गुणाची) दुरुस्ती केली की तुल्य वेग आणि घनतेची दुरुस्ती केली की सत्य वेग. सत्य वेगात वारा धरला की भूवेग निघतो. तो मात्र वायुवेग नव्हे. प्रमाण वातावरणात, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या आदर्श हवेत, समुद्रसपाटीला (१५° से., १०१३.२५ हेक्टोपास्कल, घनता १.२२५ किग्रॅ./घ.मी.) अंशशोधित, तुल्य व सत्य हे तिन्ही वेग सारखेच असतात. कोकण किनाऱ्यावर अशी हवा क्वचितच मिळते, म्हणून येथे रूपांतराची गरज थेट धावपट्टीवरच पडते.

एकक : वायुवेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगतात. हे एकक जहाजांवरून विमानात आले. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून तिच्या टोकाची फळी समुद्रात सोडायची आणि वाळूचे घड्याळ रिते होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे, अशी मूळ रीत होती. तिचे श्रेय काही लेखक पोर्तुगीज खलाशांना देतात. तथापि दोरी-फळीचे पहिले ज्ञात लिखित वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाच्या १५७४ च्या ग्रंथात आहे आणि लेखी पुराव्याला धरून राहणे अधिक सयुक्तिक वाटते. गाठींमधील अंतराचाही घोळ दीर्घकाळ चालला. ३० सेकंदांच्या घड्याळाला ४२ फूट हे जुने माप सागरी मैल सुमारे ५,००० फुटांचा मानून काढलेले होते. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग; इंग्रज गणिती रिचर्ड नॉरवुडने १६३७ मध्ये या अंशाची लांबी नव्याने मोजून प्रसिद्ध केली, तेव्हा ते तोकडे ठरले. पुढे २८ सेकंदांना सुमारे ४७ फूट ३ इंच हे माप रूढ झाले. आजचा १,८५२ मीटरचा सागरी मैल १९२९ च्या मोनॅको परिषदेत ठरला.

मापन : आंरी पीतो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी वापरलेली वाकडी नळी हीच विमानाच्या वेगदर्शकाला दाब पोहोचवणाऱ्या आजच्या पीतो नळीची पूर्वज होय. समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब आणि बाजूच्या छिद्रांतून मिळणारा स्थिर दाब यांतील फरकावर काटा फिरतो. काट्याला कळतो तो दाब, वेग नव्हे; सारी रूपांतरे त्यामुळेच करावी लागतात.

रूपांतर : दर्शित वेगावरून अंशशोधित वेग काढण्याचे कोष्टक त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत असते. पुढची संपीड्यतेची दुरुस्ती कमी उंचीवर नगण्य असते : १०,००० फुटांवर २०० नॉटला ती जेमतेम एक नॉट भरते. ३५,००० फुटांवर मात्र अंशशोधित २५० नॉटचे तुल्य २३८ आणि सत्य ४२७ नॉट होतात. ही पायरी गाळली तर उत्तर ४४९ येते.

सत्य वेगासाठी तुल्य वेगाला घनता-गुणोत्तराच्या (प्रत्यक्ष घनता भागिले समुद्रसपाटीची प्रमाण घनता) वर्गमुळाने भागतात. मे महिन्यातील किनाऱ्याची दुपार घेऊ : तापमान ३४° से., दाब १००६ हेक्टोपास्कल. कोरडी हवा धरल्यास सत्य वेग तुल्य वेगाच्या १.०३६ पट येतो. पण कोकणातली हवा कोरडी नसते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवा विरळ होते. बाष्पदाब (हवेच्या दाबातील वाफेचा वाटा) ३३ हेक्टोपास्कल धरला तर गुणक १.०४३ होतो. बहुतेक पाठ्यपुस्तके दमटपणा सोडून देतात. किनाऱ्यापुरते तरी तो धरणे योग्य. अशा दुपारी काटा १२० नॉट दाखवत असताना विमान सुमारे १२५ नॉटने उतरत असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वारा नसेल तर ब्रेकना आठ-नऊ टक्के जादा ऊर्जा जिरवावी लागते. सड्यावर (सपाट खडकाळ माथ्यावर) बांधलेल्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळाच्या (वेंगुर्ले तालुका) २,५०० मीटर धावपट्टीवरही हा हिशेब टाळता येत नाही.

सत्य वेगासाठी दर्शित वेग दर हजार फुटांना दोन टक्के वाढवा, हा वैमानिकांचा ढोबळ नियम प्रमाण हवेत ५,००० फुटांवर जास्त उत्तर देतो (१० टक्के, खरी वाढ ७.७). हवा प्रमाणापेक्षा १५ अंशांनी उष्ण असेल तर खरी वाढ १०.६ टक्के होते आणि नियम जवळपास जुळतो. कोकणात तो उपयोगी पडतो तो या उष्णतेमुळे.

वारा : दुपारचे खारे वारे आणि रात्री-पहाटेचे मतलई वारे यांचा परिणाम मुख्यतः उतरताना जाणवतो. पावसाळ्यात सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार प्रवाह वाहतो. मुंबईहून चिपीकडे जाताना तो जवळजवळ आडवा येतो. सत्य वेग २७० नॉट आणि पश्चिमेचा वारा ३० नॉट असेल तर भूवेग चार-पाच नॉटनेच वाढतो, पण विमानाचे नाक सुमारे सहा अंश समुद्राकडे वळवून धरावे लागते.

निगा : उभ्या विमानाच्या पीतो नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधू शकते. नळी बुजली की वरील कोणतेही रूपांतर निरर्थक ठरते. म्हणून विमान उभे असताना नळीवर टोपण घालतात आणि उड्डाणापूर्वी ते काढल्याची खात्री करतात.