हवेतली वेळ आणि तिकिटावरची वेळ: साल्झबर्ग ते कोलोन-बॉन

ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग ते जर्मनीतलं कोलोन-बॉन. या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ५४५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला तर पाऊण तासही लागायला नको. पण २०१२ साली जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या वेळापत्रकात ही फेरी दुपारी १.३० ला सुटून २.४० ला पोहोचायची, म्हणजे ७० मिनिटं.

यात फसवाफसवी काही नाही. अंतराला वेगाने भागून येते ती निव्वळ हवेतली वेळ, आणि तीही अंदाजाने. तिकिटावर असते ती ब्लॉक टाइम: विमान पार्किंगच्या जागेवरून हललं की सुरू, पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपली. मधलं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून हळूहळू चालणं, आणि धावपट्टीपाशी थांबणं सगळं त्यातच. शिवाय चढताना-उतरताना विमान ८०० च्या वेगाने जात नाही, आणि इतक्या छोट्या फेरीत बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. साल्झबर्गच्या दक्षिणेला तर डोंगर उभे. तिकडे तोंड करून उड्डाण केलं की आधी वळून यावं लागतं, कोलोन पडतं वायव्येला. मुंबई-फ्रँकफर्टसारख्या लांबच्या प्रवासात ही पंचवीस-तीस मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. इथे मात्र ती डोळ्यांवर येतात.

याच फेरीवरून प्रकरण कोर्टात गेलं. एके दिवशी विमान उशिरा सुटलं. कोलोन-बॉनला चाकं टेकली ५.३८ ला, म्हणजे २ तास ५८ मिनिटं उशिरा. पार्किंगला लागलं ५.४३ ला, ३ तास ३ मिनिटं उशिरा. दारं त्यानंतर उघडली. युरोपात तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, आणि त्याला विमान कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल, तर भरपाई द्यावी लागते. १५०० किलोमीटरपर्यंत ती २५० युरो. म्हणजे सगळा मामला पाच मिनिटांवर आला! कंपनीचं म्हणणं, चाकं टेकली की पोहोचलो. ४ सप्टेंबर २०१४ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरू देतात, तो क्षण पोहोचण्याचा. तोवर माणूस बंद जागेत, कंपनीच्या हुकमाखाली, आपली कामं करायला मोकळा नाही. मला हा तर्क पटतो. जमिनीवर आलेल्या पण दार न उघडलेल्या विमानात बसून ‘पोहोचलो’ म्हणायला जीभ रेटत नाही.

अंतराच्या बाबतीत मात्र प्रवाशाने काय सोसलं हे बघत नाहीत. भरपाईसाठी पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतरच धरतात. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बर्गला गेलेल्यांचा प्रवास १६५६ किलोमीटरचा झाला, पण रोम ते हॅम्बर्ग थेट अंतर १३२६. न्यायालयाने २०१७ मध्ये हाच दुसरा आकडा धरला आणि ४०० ऐवजी २५० युरोच लागू झाले.

युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांना हा नियम लागू आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी. उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर दार उघडल्याची वेळ मोबाइलवर टिपून ठेवा. चाकं टेकल्याची वेळ यात धरत नाहीत.