कंपनी सुशासन कायदा : पदव्युत्तर अध्ययन

कंपनीचा कारभार कोणी, कोणाच्या हितासाठी आणि कोणाला उत्तरदायी राहून चालवावा, हे ठरवणारे कायदे, संहिता व न्यायनिर्णय यांचा सखोल अभ्यास म्हणजे कंपनी सुशासन कायद्याचे अध्ययन होय. हा विषय सहसा एलएल.एम.च्या अभ्यासक्रमात असतो. पदवीच्या वर्गात संचालकाची कर्तव्ये शिकवली जातात. येथे त्या कर्तव्याचा भंग कसा सिद्ध होतो, दावा कोणी लावायचा आणि न्यायाधीशाने व्यावसायिक निर्णयात कितपत लक्ष घालावे, याचा ऊहापोह अपेक्षित असतो.

कंपनी तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे १८९७ च्या सॉलोमन खटल्यातील तत्त्व पायाभूत मानले जाते. मात्र विषयाची खरी गोडी लागते ती स्मिथ विरुद्ध व्हॅन गोर्कम या खटल्यापाशी. ट्रान्स युनियन या अमेरिकी कंपनीच्या संचालकांनी १९८० साली, सुमारे दोन तासांच्या बैठकीत, अध्यक्षांचे वीस मिनिटांचे तोंडी निवेदन ऐकून आणि कराराचा मसुदा न वाचताच, प्रत्येक शेअरला ५५ डॉलर या दराने कंपनी विकण्यास संमती दिली. दर बाजारभावाहून बराच चढा होता. तरीही अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये संचालकांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले, कारण पुरेशी माहिती न घेता निर्णय झाला होता. पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने, अशा निष्काळजीपणाच्या नुकसानभरपाईतून संचालकांना मुक्त ठेवणारे कलम आपल्या सनदेत घालण्याची मुभा कंपन्यांना दिली. केवळ निकाल वाचून थांबणाऱ्याच्या हाती म्हणूनच अर्धाच कायदा लागतो.

तौलनिक अभ्यासाला येथे मोठे स्थान आहे. ब्रिटनमध्ये कॅडबरी समितीने १९९२ साली ‘पाळा, नाहीतर कारण द्या’ (संहिता पाळा किंवा न पाळण्याचे कारण जाहीर करा) हा मार्ग सुचवला, तर एन्रॉन या कंपनीतील हिशेबाच्या घोटाळ्यानंतर अमेरिकेने २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याद्वारे सक्तीचे नियम आणले. जर्मनीत पर्यवेक्षक मंडळ व्यवस्थापनापासून वेगळे असते आणि १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत त्यातील निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींच्या असतात.

प्रबंधासाठी सर्वांत कसदार प्रश्न एका देशाच्या संहिता दुसऱ्या देशाने उसन्या घेण्यातून उभे राहतात. भागधारक विखुरलेले आहेत असे गृहीत धरून लिहिलेला नियम, एकाच कुटुंबाच्या किंवा शासनाच्या मुठीतील कंपनीला लावला, की स्वतंत्र संचालकाने (कंपनीशी अन्य हितसंबंध नसलेल्या संचालकाने) ज्या बड्या भागधारकावर नजर ठेवायची त्याच्याच मतांवर त्याची नेमणूक अवलंबून राहते.