काँक्रीटमधील अल्कली-सिलिका विक्रियेचे सूक्ष्मदर्शकीय मापन

अल्कली-सिलिका विक्रियेने काँक्रीट आतून किती फुटले आहे, हे त्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या कापावरील भेगा मोजून ठरवण्याची पद्धत. सिमेंटमधील सोडियम व पोटॅशियम यांमुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी होते; खडीत ओपल, कॅल्सिडोनी, ज्वालामुखीय काच किंवा भूदाबाने विकृत झालेले क्वार्ट्झ असल्यास त्यातील सिलिकेचे जेल (लिबलिबीत पदार्थ) बनते, ते पाणी शोषून फुगते, खडी तडकते आणि तडे पुढे सिमेंटच्या लगद्यात शिरतात. थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील बांधकामांच्या आधारे ही विक्रिया प्रथम मांडली.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या बांधकामाची मूळ लांबी सहसा कोणी नोंदवलेली नसते, त्यामुळे झालेले प्रसरण थेट मोजता येत नाही. त्याचा अंदाज भेगांवरूनच बांधावा लागतो. कॅनडात विकसित झालेल्या ‘डॅमेज रेटिंग इंडेक्स’ पद्धतीत बांधकामातून छिद्र पाडून काढलेला दंडगोलाकार नमुना, म्हणजे गाभा, उभा कापून घासतात, त्यावर १ सेंमी बाजूचे किमान २०० चौकोन आखतात आणि सुमारे १६ पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चौकोनातील दोष मोजतात. सध्या रूढ असलेल्या भारांकांनुसार खडीतील मिटलेल्या भेगेला ०.२५, उघड्या भेगेला २ आणि लगद्यातील भेगेला ३ गुण मिळतात. एका चौकोनात चार मिटलेल्या भेगा आणि लगद्यातील दोन भेगा दिसल्या, तर त्याचे ७ गुण होतात. सर्व गुणांची बेरीज १०० चौ. सेंमी क्षेत्रफळाला किती पडते, तो निर्देशांक. मिटलेल्या भेगेला इतके कमी गुण देणे रास्तच आहे, कारण तशी भेग दगड क्रशरमध्ये फोडतानाही पडते.

मोजणाऱ्याची नजर ही या पद्धतीची दुखरी बाजू आहे. तीच भेग एकाला मिटलेली, तर दुसऱ्याला उघडी वाटते. शिवाय भेग दिसली म्हणजे कारण कळले असे नाही. त्यासाठी सुमारे ०.०३ मिमी जाडीचा पातळ काप ध्रुवित प्रकाशाखाली पाहतात किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने भेगेतील पदार्थाचे रासायनिक घटक तपासतात. खडीभोवतीच्या फटीत जेलऐवजी एट्रिंजाइट या सल्फेटयुक्त खनिजाचे सुईसारखे स्फटिक भरलेले आढळल्यास निदान बदलू शकते.

भारतात रिहंद आणि हिराकूड धरणांच्या काँक्रीटमध्ये ही विक्रिया आढळली आहे. महाराष्ट्रात खडीसाठी सर्रास वापरला जाणारा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, दिसायला एकजिनसी असला तरी त्याच्या पोकळ्यांत कॅल्सिडोनी आणि कणांमध्ये काच असू शकते.