मानवकेंद्री एआय : माणूस नेमका कुठे बसवायचा?

अर्ज चाळणे, पाळ्या लावणे, कामाला गुण देणे, कधी थेट कामावरून काढणे ही कामे सॉफ्टवेअरकडे जाऊ लागली, तसा ‘मानवकेंद्री’ हा शब्द कंपन्यांच्या धोरणांत झळकू लागला. शब्द मात्र आजच्या एआयच्या बराच आधीचा, आणि मूळचा कारखान्यातला.

१९५१ मध्ये इंग्लंडमधल्या कोळसा खाणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवी यंत्रे आली, पण एकमेकांवर विसंबून काम करणाऱ्या छोट्या टोळ्या त्यांनी मोडल्या आणि अपेक्षेइतके उत्पादन काही वाढले नाही. सत्तरच्या दशकात नॉर्वेतल्या लोहकामगारांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. संगणक कसा यावा हे ठरवताना आम्हालाही बसवा, अशी त्यांची मागणी होती. १९७५ मध्ये मालक आणि कामगार यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संघटनांत तसा करार झाला. या विषयावर बोलणी करायला कामगारांचा स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची सोय झाली. तेव्हा ‘मानवकेंद्री’ या कल्पनेत दोन गोष्टी होत्या : कसब कामगाराच्या हातातून जाऊ नये आणि यंत्र आणण्याआधी त्याला विचारले जावे.

पुढे कायद्याने वेगळीच वाट धरली, आणि सगळा गुंता तिथे आहे.

१९७८ च्या फ्रेंच कायद्याने सांगितले, की माणसाच्या वर्तनाचे मूल्यमापन करणारा निर्णय केवळ स्वयंचलित प्रक्रियेच्या आधारे घेता येणार नाही. १९९५ च्या युरोपीय निर्देशात तीच कल्पना आली. तिथे अशा मूल्यमापनाच्या उदाहरणांच्या यादीत ‘कामावरची कामगिरी’ सर्वांत आधी आहे. २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याने तो नियम बाविसाव्या कलमात उचलला. तिन्हीकडे भार एकाच शब्दावर : ‘केवळ’. शेवटी एक माणूस बसवला की निर्णय ‘केवळ’ यंत्राचा राहत नाही. मग त्या माणसाने समोरची यादी वाचली, की नुसतेच बटण दाबले?

पळवाट उघड होती आणि ती वापरली गेली. नियामकांनी नव्या कायद्याच्या तोंडावरच बजावले होते, की हस्तक्षेप नावापुरता चालणार नाही. निर्णय फिरवण्याचा अधिकार आणि कुवत असलेल्या माणसानेच तो केला पाहिजे. पण ‘कुवत’ मोजायची कशी? तासाला शेकडो प्रकरणे समोर येत असतील, तर अधिकार कागदावरच राहतो. एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने ॲपवरून काम मिळणाऱ्या चालकांच्या प्रकरणात हेच तपासले. फसवणुकीच्या संशयावरून खाती बंद झाली होती. आमची माणसे तपासतात, असे कंपनीचे म्हणणे. तो हस्तक्षेप प्रतीकात्मक कृतीपलीकडे फारसा जात नाही, असे न्यायालयाचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठाने कर्जाच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितले : कर्ज फिटण्याची शक्यता सांगणाऱ्या, बाहेरच्या कंपनीने यंत्राने काढलेल्या गुणांकावर बँक मोठी भिस्त ठेवत असेल, तर तो गुणांक काढणे हाच ‘निर्णय’. उमेदवारांना गुण देणारी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी हा निकाल वाचला असेलच.

खरे तर या अडचणीचे निदान १९८३ मध्येच झाले होते. कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांवरच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचे म्हणणे असे : यंत्र जितके जास्त करते, तितका उरलेला माणूस महत्त्वाचा होतो, पण रोजचा सराव सुटल्याने ऐन वेळी तो कच्चा पडतो. नुसती राखण करणाऱ्याची नजर फार वेळ ठरत नाही. एआयच्या चर्चेत या निबंधाची आठवण फार उशिरा निघाली, असे मला वाटते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपच्या एआय कायद्याने भरती, बढती, बडतर्फी, कामाचे वाटप आणि देखरेख यांसाठीच्या प्रणाली ‘उच्च जोखमी’च्या यादीत टाकल्या. देखरेख करणाऱ्या माणसाला यंत्रावर आंधळा भरवसा टाकण्याच्या प्रवृत्तीची जाणीव राहील अशी रचना हवी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे.

मधल्या काळात एका बड्या कंपनीने भरतीसाठी बनवलेले एआय गुंडाळल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती. जुन्या अर्जांवरून ते शिकले, त्यात पुरुष जास्त होते, आणि महिलांचा उल्लेख असलेल्या अर्जांना ते खालचे गुण देऊ लागले. अशा वेळी शेवटी बसवलेल्या माणसापुढे मुळात गाळून आलेली यादीच येते. गळलेले अर्ज त्याला दिसत नाहीत.

नॉर्वेच्या कामगारांची जुनी मागणी नव्या एआय कायद्यात एका उपकलमापुरती उरली आहे. उच्च जोखमीची प्रणाली कामावर आणण्यापूर्वी मालकाने कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना तसे कळवायचे आहे. त्यांना विचारण्याचे बंधन त्या उपकलमात नाही. ते त्या त्या देशाच्या कामगार कायद्यांवर सोडले आहे.