नेट नाही, तरी मेल येतो कुठून?

"सर, नेटची वायर काढून ठेवलोय, खरं मेल येऊलालाय बघा." खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या सचिवांचा हा फोन. त्यांच्या सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लॉगिन केलं की 'यू हॅव न्यू मेल' अशी ओळ दिसायची, आणि पाठवणाऱ्याचं नाव मेलर-डीमन. डीमन म्हणजे सैतान, असं कुणीतरी सांगितलं. मी पोचलो तेव्हा यूपीएसला लिंबू-मिरची बांधलेली होती.

लिनक्समध्ये पडद्याआड सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट मॅक या संगणक प्रकल्पाच्या मंडळींनी हा शब्द उचलला तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या १८६७ सालच्या विचारप्रयोगावरून. वायूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर बसून वेगवान आणि मंद रेणू वेगळे काढणारा तो काल्पनिक द्वारपाल, म्हणजे 'मॅक्सवेलचा डीमन'. यात भूतबाधा कुठेच नाही. लिंबू मी काढायला लावलं, कारण ते बांधल्यावर बंदोबस्त झाला असं समजून आठ दिवस कुणी ती पत्रं उघडलीच नव्हती.

मेल म्हणजे इंटरनेट हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण १९६५ मध्ये एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेवर एकाच संगणकाचे वापरकर्ते एकमेकांना निरोप ठेवत होते, आणि लिनक्स जिच्या धर्तीवर बेतलं त्या युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीतही 'मेल' ही कमांड होती. वाड्यातल्या वाड्यात चिठ्ठी द्यायला पोस्टाची गरज काय? प्रत्येक वापरकर्त्याची पेटी म्हणजे /व्हार/मेल या फोल्डरातली एक साधी मजकुराची फाइल. नवं पत्र आलं की तिच्या तळाला चिकटतं.

मग पत्र लिहितं कोण? इथे रोज रात्री २ वाजता बॅकअप घ्यायचं काम 'क्रॉन'कडे, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या डीमनकडे आहे. नेमून दिलेल्या कामानं एक अक्षर जरी छापलं, तरी क्रॉन ते मालकाला पत्रानं कळवतो. काम गप्प राहिलं तर पत्र नाही. नेट होतं त्या काळात कुणीतरी क्रॉनच्या 'मेलटू' या, पत्र कुणाला पाठवायचं ते सांगणाऱ्या ओळीत बाहेरचा जीमेल पत्ता घालून ठेवला होता.

पाठवायची राहिलेली पत्रं दाखवणारी 'मेलक्यू' ही कमांड दिली. रांगेत ५ पत्रं, एकेका रात्रीचं एकेक. मला हा आकडा फार बोलका वाटला. पत्रं वाहणारा प्रोग्रॅम होता पोस्टफिक्स, वित्से व्हेनेमा यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेला. लॉगमध्ये प्रत्येक पत्रापुढे ४.४.३ असा संकेत होता. यातला पहिला आकडा महत्त्वाचा. ५ असेल तर पत्र कधीच पोचणार नाही, लगेच परत पाठवा. ४ असेल तर अडचण तात्पुरती, पुन्हा प्रयत्न करा. जीमेलचा सर्व्हर कुठे आहे हे विचारायला डीएनएस, म्हणजे नेटवरची पत्त्यांची नोंदवहीच हाताशी नाही. पण वायर कायमची काढली आहे की पाच मिनिटांपुरती, हे पोस्टफिक्सला कसं कळावं? म्हणून तो ४ धरतो. सुरुवातीला ५ मिनिटांनी प्रयत्न, मग अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. असं ५ दिवस चालतं. त्यानंतर तो हार मानतो आणि मेलर-डीमनच्या नावानं पत्र मूळ पाठवणाऱ्याला परत करतो. पाठवणारा होता रूट, म्हणजे याच यंत्रावरचा सर्वाधिकारी वापरकर्ता. म्हणजे सोमवारी पहाटे फसलेल्या बॅकअपची बातमी शनिवारी पहाटे घरच्याच पेटीत पडत होती.

परतीच्या पत्राच्या तळाशी मूळ मजकूर जसाच्या तसा होता: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. बॅकअपची डिस्क भरली होती. सभासदांच्या ठेवींच्या नोंदी रोज रात्री असुरक्षित राहत होत्या आणि यंत्र ते रोज लिहून सांगत होतं.

डिस्क रिकामी केली, जीमेल पत्ता काढून तिथे 'रूट' घातलं. पण रूट म्हणून रोज कुणी बसत नाही, म्हणून कुणाचं पत्र कुणाला द्यायचं ते लिहिलेल्या 'अलायसेस' फाइलमध्ये रूटच्या नावापुढे सचिवांचं नाव लिहिलं. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं, तरी ५९०००१ पिनचं जुन्या नावाचं पत्र तिथेच पोचतं, तसं हे. ओळ लिहून भागत नाही, 'न्यूअलायसेस' ही कमांडही द्यावी लागते, कारण पोस्टफिक्स त्या फाइलीची तयार केलेली सूची वाचतो. मी पाहिलेल्या निम्म्या तक्रारी इथेच अडकलेल्या असतात.

एक बदल मी आणखी केला. बॅकअप नीट झाला तर क्रॉन गप्प, आणि क्रॉनच बंद पडला तरीही गप्पच. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टला शेवटी एक ओळ छापायला लावली. आता रोज सकाळी सचिवांच्या पेटीत पत्र असतं: किती फाइली गेल्या, डिस्कवर किती जागा उरली.