वजनकाट्यावर न दिसणारी भूक

महिन्यातून एकदा अंगणवाडीत लेकरांचं वजन होतं. पोट्टं भोकाड पसरतं, ताई आकडा नोंदवहीत लिहिते. विदर्भाच्या गावागावांत हे कित्येक वर्षं चालू आहे आणि त्यानं जीव वाचले आहेत. अलीकडे तीच ताई पालक मेळाव्यात आयांना सांगते: बाळाशी बोला, त्यानं हुंकार दिला की उत्तर द्या, त्यानंच मेंदू घडतो. पुष्कळ जणींना हे शहरातून आलेलं खूळ वाटतं. त्याची मुळं मात्र जुनी आहेत आणि काही आपल्याच मातीत आहेत.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. मुलाचं निरीक्षण करा, मग शिकवा, हा त्यांचा आग्रह. तो धागा गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरच्या बालमंदिरात आणला. लग्नानंतर अमरावतीत संसार मांडलेल्या ताराबाई मोडक पुढे त्यांच्या कामात सामील झाल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीच्या आदिवासी पाड्यांत गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे तिथं सुचलं. आजच्या ‘अंगणवाडी’ शब्दातलं अंगण तेच.

इकडे वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. तीच ‘नई तालीम’. तिचं केंद्र सेवाग्राम झालं. सूतकताई सगळ्यांना आठवते. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीमची कक्षा शाळेआधीच्या वयापर्यंत नेली गेली, हे फारसं कुणाला आठवत नाही. मला ती गोष्ट चरख्याइतकीच मोलाची वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ विकास गटांत सुरू झाली. शाळापूर्व शिक्षण तिच्यात पहिल्यापासून होतं. पण १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि सगळं लक्ष आहार, औषध, वजन यांवर एकवटलं. ते स्वाभाविकच होतं. मरणाच्या दारातल्या लेकराला आधी घास लागतो.

त्याच्या आधीपासूनच बाहेरच्या देशांत दुसरं काही कळत होतं. मेंदूतज्ज्ञ पीटर हुटेनलॉखर यांनी १९७९ मध्ये दाखवलं की लहान मुलाच्या मेंदूत पेशींमधल्या जोडण्या मोठ्या माणसापेक्षा कितीतरी दाट असतात आणि वाढत्या वयात त्या विरळ होतात. वापरातल्या टिकतात, बाकीच्या झडतात. मग जमैका. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत बालआरोग्याच्या अभ्यासक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून तासभर जायची आणि घरगुती खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं ते आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांत दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे होती. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्याशी असं खेळलं गेलं होतं त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यांसाठी याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या मदतीनं अंगणवाड्यांत आलेल्या, बाळाशी बोला-खेळा सांगणाऱ्या ‘आरंभ’ कार्यक्रमामागे हीच समज आहे. आपल्याकडे तिचं बी नव्हतं असं नाही. पोरींच्या भुलाबाईच्या सणात डबा खुळखुळवून आतला खाऊ ओळखायला लावतात, तेव्हा पोरी ऐकतात, आठवतात, ताडून पाहतात. लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हेही खेळणंच.

भाषेचा प्रश्न जास्त दुखरा आहे. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठी ऐकून गप्प बसतं आणि ‘मंद’ ठरतं. दोन भाषांनी बुद्धी गोंधळते, असं पूर्वी मानसशास्त्रज्ञही मानत. १९६२ मध्ये माँट्रियलच्या मुलांवर पील आणि लँबर्ट यांनी केलेल्या अभ्यासात द्विभाषिक मुलं उलट सरस ठरली. छडीचंही तसंच. शिक्षेनं चुकीची सवय फारशी मोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर देशभर कायद्यानं बंदी यायला २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागला.

आता अडचण वेळेची आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेल्या बाईला बाळाशी बोलायला सांगणं सोपं आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायचं, अशी तरतूद आहे. खाजगी शेतात ती लागू नाही. तिथं धुऱ्यावरच्या बाभळीला साडीची झोळी असते, आणि झोका द्यायला त्या दिवशी शाळा बुडवलेली मोठी बहीण.