सरकारी ठेकेदाराचे बिल अडकले किंवा नाव काळ्या यादीत गेले, तर सोलापूरहून दाद कुठे मागायची?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. तेव्हापासून बिल जरा लांबले की 'कोल्हापूरला रिट टाकू' अशी भाषा होते. पण रिट, म्हणजे शासनाच्या कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायची याचिका, प्रत्येक तंट्याला चालत नाही.

काळ्या यादीच्या आदेशाविरुद्ध मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट हाच जवळचा रस्ता. काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे, हे कारणे दाखवा नोटिशीतूनच स्पष्ट कळले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस (२०१४) आणि यूएमसी टेक्नॉलॉजीज (२०२०) या निकालांत सांगितले आहे. म्हणून 'नियमानुसार कारवाई करण्यात येईल' एवढीच मोघम ओळ असेल, तर वकिलाला आधी ती नोटीस दाखवा. सोबत तुमचा खुलासा, अंतिम आदेश आणि निविदेतील संबंधित अट.

थकीत बिलाचे गणित वेगळे. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, बिल मंजूर आहे, फक्त पैसे सुटत नाहीत, अशा वेळी रिटचा विचार होऊ शकतो. जादा काम, दर, दंड, कामाचा दर्जा यावर वाद असेल तर साक्षीपुरावा लागतो. तिथे उच्च न्यायालय बहुधा दुसरा मार्ग दाखवते. तो करारातच असतो. सार्वजनिक बांधकामच्या बी-१ करारात कलम ३० आधी वाचा. लवादाचे कलम असेल तर लवादाची नोटीस. नसेल तर दिवाणी दावा, आणि शासनाविरुद्ध त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. मुदत साधारण ३ वर्षे. नुसती स्मरणपत्रे पाठवून ती वाढत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. मुदतीच्या आत विभागाने थकबाकी लेखी मान्य केली, तर मात्र ती नव्याने मोजतात.

अर्जदार कोण? ज्याच्या नावे करार, तो. पोटठेकेदाराला विभागावर सहसा थेट दावा करता येत नाही. भागीदारी फर्म नोंदणीकृत नसेल तर दिवाणी दावा अडतो; आधी ते तपासा.

कागद : करारनामा, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीची पत्रे, चालू व अंतिम बिले, पूर्णत्वाचा दाखला, आवक शिक्क्याचा पत्रव्यवहार. मोजमाप पुस्तिका विभागाकडेच राहते. तिच्या प्रतीसाठी माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा वकील गाठण्याआधीच तो देऊन ठेवा.